घाटातला काळा कातळ वाचायचा कसा: बाहेर आलेला की आतच थिजलेला?

माळशेज, कसारा, वरंधा, ताम्हिणी, कुठल्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे घटकाभर थांबा. काळा कातळ, मध्येच एखादा तांबडा पट्टा, वर पुन्हा काळा कातळ. सोबत कुणी असेल तर हमखास म्हणेल, ‘हा सगळा ज्वालामुखीचा दगड.’ बरोबरच आहे. पण पुढे विचारा की यातला कुठला दगड खरोखर जमिनीवर वाहून थंड झाला आणि कुठला वर येता येता वाटेतच थिजला? इथे बहुतेक जण गप्प होतात. मीही कितीतरी वर्षं गप्पच होत होतो. या लेखात तेवढंच उत्तर शोधायचं आहे, तेही प्रयोगशाळेत न जाता.

आधी शब्दांचा गुंता

जमिनीखाली वितळलेला दगड तो शिलारस, बाहेर पडला की त्याचंच नाव लाव्हा. शिलारस थिजून झालेले सगळे खडक अग्निजन्य. त्यातला जो जमिनीच्या किंवा समुद्रतळाच्या वर येऊन थिजला तो बाह्यनिर्मित, जो खालीच राहिला तो अंतर्निर्मित. म्हणजे ‘बाह्यनिर्मित’ हा शब्द खडक कुठे थिजला ते सांगतो. ‘ज्वालामुखीय’ हा शब्द तो कुणाच्या घरचा ते सांगतो.

रोजच्या वापरात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात आणि त्यात फारसं बिघडत नाही, कारण प्रत्येक बाह्यनिर्मित खडक ज्वालामुखीयच असतो. अडचण उलट बाजूने येते. लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर आला त्या भेगांत शेवटी शिलारस अडकून राहिला. त्याला डाइक म्हणतात. हा ज्वालामुखीच्याच घरचा, पण त्याने बाहेरचं आकाश कधी पाहिलं नाही. शिवाय भेग अरुंद असेल तर तो इतका बारीक कणांचा होतो की हातातला तुकडा बघून बेसॉल्टच वाटतो. अभ्यासकसुद्धा नुसत्या तुकड्यावरून नाव देताना बारीक कणांच्या खडकाला ज्वालामुखीय नावच देतात. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: बाहेरचा की आतला याचा निकाल तुकड्यावर क्वचितच लागतो. तो शेजाऱ्यांवरून लागतो. खाली काय आहे, वर काय आहे, सांधा कसा आहे, हे बघावं लागतं.

आणखी एक गैरसमज. बाहेर आलेलं सगळं वाहिलेलंच असतं असं नाही. स्फोटात उडालेली राख आणि खडे साचून घट्ट झाले की त्याला टफ म्हणतात. तोही बाह्यनिर्मितच, फक्त वाहण्याऐवजी उडून पडलेला. आपल्या सह्याद्रीत वाहिलेल्याचंच राज्य आहे. टफ बघायचा तर मुंबई परिसर चांगला.

नावांची मोठी यादी पाठ करायची गरज नाही. तीन सख्खी भावंडं लक्षात ठेवा: बेसॉल्ट, डोलेराइट, गॅब्रो. रसायन जवळपास तेच, सिलिकाचं (गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्याचं) प्रमाण साधारण ४५ ते ५२ टक्के. वर येऊन झटपट थंड झाला तो बेसॉल्ट, उथळ भेगेत थोडा सावकाश थंड झाला तो डोलेराइट, खोलवर निवांत थंड झाला तो गॅब्रो. फरक कणांच्या आकाराचा. तशीच रायोलाइट आणि ग्रॅनाइट ही जोडी, फक्त सिलिका भरपूर.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, पण कापलेल्या भिंतीखाली उभं राहण्यासारखा नसतो. दरडी सांगून येत नाहीत. पावसाळा संपल्यावर लगेच जाण्यातही धोका असतो, सुटलेले दगड तोवर वर लटकलेले असतात.

सोबत सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक चाकू, दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक, पाण्याची बाटली, वही आणि फोटोत प्रमाण दाखवायला एक नाणं. हातोडी नेली नाही तरी चालतं. रस्त्याच्या कडेला ताजे फुटलेले तुकडे पुष्कळ पडलेले असतात. किल्ल्यावर, लेण्यांत, अभयारण्यात दगड फोडायचा नाही आणि उचलायचाही नाही.

पहिलं काम: लांबून पायऱ्या मोजा

दगडाला हात लावण्याआधी समोरच्या डोंगराकडे बघा, शक्यतो दरीच्या पलीकडच्या. सरळसोट काळा कडा, त्यावर गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी असं दिसेल. या रचनेला ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला आहे. प्रत्येक कडा म्हणजे एका लाव्हाथराचा घट्ट गाभा. गवताची पट्टी म्हणजे त्याचा वरचा सच्छिद्र, ठिसूळ भाग. तो लवकर झिजतो, त्यावर माती धरते आणि गवत उगवतं.

हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. एका शंकूच्या टोकातून नव्हे, तर लांबच लांब भेगांतून लाव्हा आला आणि पसरत गेला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणून सह्याद्रीत ‘ज्वालामुखीचं मुख कुठे?’ असा शोध घेऊ नका. शंकूच्या आकाराचा प्रत्येक डोंगर इथे झिजेने घडलेला आहे, कळसूबाईचा १६४६ मीटरचा माथासुद्धा एकावर एक रचलेल्या लाव्हाथरांचाच.

थरांची जाडी पश्चिमेला प्रचंड आणि पूर्वेकडे कमी होत जाते. कोयना भागात खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटरवर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. किल्लारीला तो ३३८ मीटरवरच लागला. भेग दिसो न दिसो, हा सगळा पसारा जुन्या जमिनीवर येऊन बसलाय, हे यातून कळतं.

वहीत डोंगराचं ओबडधोबड चित्र काढा आणि कड्यांना खालून वर आकडे द्या. चित्र वाईट आलं तरी काढाच. फोटोत जे सुटतं ते हाताने काढताना दिसतं.

दुसरं काम: ताजा पृष्ठभाग शोधा

उन्हापावसाने जुना झालेला बेसॉल्ट तपकिरी, पिवळट, कधी कांद्यासारखी सालं सुटणारा दिसतो. त्यावरून काहीच ठरवू नका. ताजा फुटलेला भाग करडा-काळा असतो. पूर्वी दारावर ‘टाकीऽऽ’ ओरडत बायका यायच्या आणि पाट्याला, जात्याला टाकी लावून द्यायच्या. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याखाली पाट्याच्या काळपट अंगावर फिकट करडा ठिपका उमटायचा. तो ठिपका म्हणजे बेसॉल्टचा खरा रंग. वाटलेल्या चटणीने आणि हाताच्या घासण्याने काळा दिसायचा तो वरचा थर.

आता भिंग डोळ्याला अगदी लावून धरा आणि दगड जवळ आणा, उलटं नको. कण डोळ्यांना वेगळे दिसत नसतील तर खडक झटपट थंड झाला. साखरेसारखे बारीक कण जाणवले तर थोडा सावकाश, म्हणजे जाड थराचा मधला भाग किंवा डाइक. कधी काळ्या अंगात पांढऱ्या पट्ट्या दिसतात, नखाएवढ्या किंवा बोटाच्या पेराएवढ्या. ते फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक. ते खाली शिलारसाच्या साठ्यात आधीच वाढले आणि लाव्हाबरोबर वर आले. कसारा आणि माळशेज भागात असे भरघोस स्फटिकांचे थर प्रसिद्ध आहेत. अशा दगडाचा अर्धा इतिहास जमिनीखालचा आणि अर्धा वरचा. तरीही तो बाह्यनिर्मितच, कारण शेवटचं थिजणं वर झालं.

तिसरं काम: भोकं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लाव्हात विरघळलेला वायू दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. सोडा वॉटरच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं तेच. बुडबुडे वर चढतात आणि वरच्या सायीखाली अडकतात. म्हणून एका लाव्हाथराला वर आणि खाली अशी दोन वेगळी टोकं असतात, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

थराच्या तळापासून सुरुवात करा. अगदी खाली बोटभर ते वीतभर पट्ट्यात उभ्या, बारीक नळ्यांसारखी भोकं दिसतात. खालची जमीन ओलसर असेल तर तिथली वाफही त्यात सामील झालेली असते. कधी या नळ्या एका बाजूला कललेल्या असतात, त्यावरून लाव्हा कुठल्या दिशेने सरकत होता याचा अंदाज येतो. त्याच्या वर घट्ट, भोकं नसलेला गाभा. त्यातही कधी उभा, भोकांनी भरलेला खांब दिसतो, तिथून वायू वर निसटत होता. आणि सगळ्यात वर भोकांची गर्दी. वरच्या टोकाला दगड लालसर होतो, कारण गरम असतानाच त्याला हवा लागली आणि लोह गंजलं.

हा वरचा भाग विहीर खणणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. भोकं पांढऱ्या खनिजांनी भरलेला हा खडक ते मांजऱ्या म्हणून ओळखतात आणि कठीण गाभ्याला काळा पाषाण म्हणतात. पुस्तकातल्या शब्दांआधी हे दोन शब्द शिकलो असतो तर माझं पुष्कळ काम सोपं झालं असतं.

लालसर, सच्छिद्र माथा दिसला आणि त्यावर विटकरी मातीचा पट्टा असला की निकाल जवळपास लागलाच. हा पट्टा म्हणजे गेरू, अभ्यासकांच्या भाषेत लाल बोल. एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडला, माती तयार झाली, कुठे राखही पडली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. जमिनीखाली अडकलेल्या खडकावर माती कशी तयार होणार? तो खडक कधीतरी उघड्यावर होता, हे हा पट्टा सांगतो. चिकण असल्याने तो पाणीही अडवतो, म्हणून घाटातले बारीक झरे पुष्कळदा याच्या वरच्या कडेने पाझरताना दिसतात.

याहून भक्कम पुरावा मुंबईत सापडला. वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांमधल्या गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले. लाव्हा येऊन गेला, तळी साचली, बेडूक आले, आणि मग पुन्हा लाव्हा. बेडकांना राहायला जागा होती म्हणजे खालचा दगड नक्कीच बाहेर आलेला होता.

पृष्ठभाग उघडा पडला असेल तर त्याची घडणही बघा. दोरखंड पिळून ठेवल्यासारख्या वळ्या असतील तर तो पाहोएहोए प्रकारचा लाव्हा. वर मोकळे, धारदार, लालसर ढेकळे असतील तर आआ प्रकारचा. दोन्ही शब्द हवाई बेटांवरचे. पुणे-नाशिक पट्ट्यात पाहोएहोएच्या लहान-मोठ्या थैल्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, एका ‘थरात’ अशा कितीतरी थैल्या असू शकतात. त्यामुळे पायऱ्या मोजताना आकडा चुकला तर मनाला लावून घेऊ नका.

चौथं काम: डाइक पकडा

काळ्या भिंतीत आडव्या थरांना कापत जाणारा उभा पट्टा दिसतो का बघा. अनेकदा तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त टिकाऊ असतो आणि भिंतीसारखा वर उठून राहतो. धुळे-नंदुरबार भागात असे डाइक मैलोन् मैल टेकड्यांच्या रांगा होऊन उभे आहेत. कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ते खडकांतून सरळ रेषेत समुद्रात शिरताना दिसतात.

सांध्यावर बोट ठेवा. डाइकची कड गार शेजाऱ्याला टेकून एकदम थिजलेली असते, म्हणून तिथे कण अतिशय बारीक, कधी काचेसारखे. आत मध्याकडे जाल तसे कण मोठे. लाव्हाथरात असा सममित बदल नसतो, त्याचा तळ आणि माथा वेगवेगळे असतात. डाइकच्या दोन्ही कडा मात्र एकमेकींची आरशातली प्रतिमा.

स्तंभांची दिशाही उपयोगी पडते. थंड होताना खडक आकसतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तडे जातात. आडव्या लाव्हाथरात म्हणून स्तंभ उभे, आणि उभ्या डाइकमध्ये आडवे. अंगणात सरपण रचून ठेवावं तसे. पण उभे स्तंभ दिसले म्हणजे लाव्हाच, असं समजू नका. दोन थरांमध्ये आडवा घुसलेला शिलारस, म्हणजे सिल, त्यातही स्तंभ उभेच असतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखी सुमारे ६० मीटर उंच स्तंभांची टेकडी नजर खिळवते, पण नुसत्या स्तंभांवरून बाहेरचा की आतला ते तिथेही ठरत नाही. सिल ओळखायचा तर त्याच्या वरचा खडक भाजला गेलाय का ते बघा. लाव्हा फक्त खालच्याला भाजतो, वर तर मोकळी हवा असते. सिल दोघांनाही भाजतो, आणि त्याच्या माथ्यावर ना भोकांची गर्दी, ना गेरू.

पाचवं काम: घरी आल्यावर वजन

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरडा दगड तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात सोडा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे थांबले की काट्यावर येईल तो आकडा म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उदाहरणार्थ, कोरडा ४१२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १४३, म्हणजे घनता २.८८. घट्ट बेसॉल्ट २.८ ते ३ च्या आसपास येतो, ग्रॅनाइट २.६५ च्या जवळ. भोकाळ दगड खूपच कमी दाखवतो, म्हणून यासाठी घट्ट तुकडाच घ्या. डोलेराइटही बेसॉल्टइतकाच भरतो. त्यामुळे ही परीक्षा रसायनाचा अंदाज देते, जन्मस्थानाचा नाही. चुंबकाचं तेच. दोऱ्याला टांगलेलं चुंबक ताज्या बेसॉल्टजवळ नेलं की हलकेच ओढलं जातं, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. डाइकमध्येही असतंच.

भोकांतली पांढरी खनिजं मात्र थोडक्यात ओळखता येतात. चाकूने ओरखडा उठत नाही आणि काचेवर चरा पडतो ती गारगोटीची मंडळी. चाकूने सहज ओरखडा उठतो आणि लिंबाचा रस टाकल्यावर बारीक फसफसतं ते कॅल्साइट. मोत्यासारखी चमक, फुलासारखा किंवा पेंढीसारखा आकार आणि लिंबाला काही प्रतिसाद नाही, तर बहुधा झिओलाइट. ही सगळी खनिजं लाव्हा थिजल्यानंतर गरम पाण्याने आणून भरलेली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं गडद निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक ओळखतात, तेही असंच पोकळीत वाढलेलं.

फसवणारे

लोणारला गेलात तर तिथला दगड बेसॉल्टच, पण १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा ज्वालामुखीचं मुख नाही. तो अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने पडला. पाचगणीच्या टेबललँडवरचा लाल, खडबडीत जांभा बेसॉल्ट कुजून झालेला आहे. त्यातली भोकं वायूची नाहीत, पाण्याने विरघळून पडलेली. मुंबईच्या जुन्या इमारतींतला पिवळसर मालाडचा दगड काळा नाही म्हणून ज्वालामुखीय नाही असं समजू नका. तो सिलिकाने श्रीमंत असलेल्या ज्वालामुखीय खडकांच्या घराण्यातला आहे.

सगळ्यात जास्त फसवतो भट्टीचा मळ. रेल्वेमार्गाजवळ एकदा मला काळाभोर, भोकाळ, काचेसारखी चकाकी असलेला तुकडा मिळाला. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला आणि ओळखीच्या एका अभ्यासकाला अभिमानाने दाखवला. त्याने भिंग लावलं आणि एक कोपरा माझ्याकडे वळवला. आत कोळशाचा न जळलेला कण होता. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीतून पडलेला मळ मी लाव्हा समजून जपला होता. तेव्हापासून शेजाऱ्यांशिवाय सापडलेला सुटा दगड मी वहीत वेगळ्या पानावर लिहितो.

वहीत काय लिहायचं

निष्कर्ष शेवटी, आधी जे दिसलं ते. माझ्या एका पानावरची नोंद अशी आहे:

थांबा ३. रस्त्याच्या डाव्या हाताची भिंत. खालून: घट्ट करडा खडक, कण दिसत नाहीत, उभे तडे. वर अडीच हात भोकाळ, पांढऱ्या खनिजांनी भरलेला, माथा लालसर. त्यावर वीतभर गेरू, ओला. त्यावर नळ्यांच्या भोकांचा पट्टा, मग पुन्हा घट्ट खडक. खालचा थर बाहेर आलेला, नक्की. वरचाही. उजवीकडे दोन हात रुंद उभा पट्टा, दोन्ही थरांना आणि गेरूला कापतो, आडवे तडे, कडा बारीक कणांच्या. डाइक, आणि या दोन्ही थरांपेक्षा तरुण. वर किती उंच जातो ते झाडीमुळे दिसलं नाही. पानगळीनंतर पुन्हा यायचं.